बाबा, जा, नमस्कार करून या

झेब्र्याच्या अंगावर पांढऱ्यावर काळे पट्टे असतात, की काळ्यावर पांढरे? साहेबांच्या दिवाणखान्यात अंधार केलेला आहे, पडद्यावर प्राणिसंग्रहालयातला झेब्रा येरझाऱ्या घालतोय आणि खाली बसलेल्या पोरांची या प्रश्नावरून जुंपली आहे. साहेबांनी हौसेने स्वतःच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या या फिती. वाद मिटायच्या आतच चित्र बदलतं आणि पडद्यावर ओळखीचा एक माणूस येतो. डोळे तिरळे करतो, तोंड वेंगाडतो, अंग वेडंवाकडं हलवतो. खोलीत हशा पिकतो. साहेब तर खूश आहेत. फक्त दोन भाऊ हसत नाहीत. पडद्यावरचा तो माणूस त्यांचा बाप आहे.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा हा मूकपट १९३२ सालचा. आम्ही काही मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा एखादा जुना सिनेमा आपापल्या घरी बघतो आणि रविवारी रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ कॉलवर भेटून त्यावर बोलतो. ठाण्याचे बँकेतून निवृत्त झालेले एक काका, सांगलीला कॉलेजात शिकवणारा एक मित्र, तोक्योत नोकरी करणारी एक मुलगी, आणखी चारपाच जण. एरवी तासाभरात सगळे जांभया द्यायला लागतात. या सिनेमाच्या रात्री आम्ही पावणेबारापर्यंत बसलो होतो आणि तरीही मला जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही. माइक बंद करून बसून राहिले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी सिनेमाच्या नावाविषयी, कारण ते नाव मराठीत जितकं चपखल बसतं तितकं इंग्रजीतही बसत नसावं. ‘उमारेते वा मिता केरेदो’. ‘जन्माला आलो खरे, पण…’ शेवटचा ‘केरेदो’ म्हणजे आपला ‘पण’. वाक्य तिथेच सोडून द्यायचं. ओझूने याआधी अशा ‘पण’चे आणखी दोन सिनेमे केले होते. १९२९ मध्ये ‘पदवीधर झालो खरा, पण…’ आणि १९३० मध्ये ‘नापास झालो खरा, पण…’ अशा अर्थाचे. तेव्हा जपानात मंदी होती, डिग्री घेऊन पोरं नोकरीसाठी वणवण फिरत होती. पदवीधराच्या त्या सिनेमाचा आज जेमतेम दहा मिनिटांचा तुकडा उरला आहे. शिकून पण, नापास होऊन पण, आणि मग थेट जन्माला येऊनच पण. आमच्या आजीच्या बोलण्यात असा ‘पण’ होता. “तसं सगळं आहे गं, पण…” असं म्हणून ती भाजी निवडायला घ्यायची. पुढचं आपण ओळखायचं.

या नावाला अजून एक शेपूट आहे, किंवा शेंडी म्हणू, कारण ती आधी येते. ‘मोठ्यांनी बघायचं चित्रांचं पुस्तक’. लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाला जपानीत जो शब्द आहे, तोच वापरून ते मोठ्यांच्या हातात दिलंय. ओझूने पुढे सांगितलं होतं की त्याला मुलांचा एक हलकाफुलका सिनेमा करायचा होता, करता करता तो मोठ्यांचा झाला. इतका गडद झाला की शोचिकु कंपनीने प्रदर्शन दोनेक महिने लांबवलं. मला हे फार खरं वाटतं. पहिला तासभर आपणही मुलांचा सिनेमा बघतोय असंच समजून हसत असतो.

सुरुवातच चिखलात रुतलेल्या चाकाने होते. सामान लादलेला ट्रक, गरगर फिरणारं पण जागचं न हलणारं चाक. योशिई नावाचा पगारदार माणूस बायको आणि दोन मुलांना घेऊन तोक्योच्या उपनगरात राहायला येतोय. आजूबाजूला रिकामी माळरानं, विजेचे खांब, वाळत घातलेले कपडे आणि दर थोड्या वेळाने मागून सुळकन जाणारी लोकल. घर इथेच का घेतलं? कारण साहेब जवळ राहतात. ट्रक अजून चिखलात आहे आणि हा गृहस्थ मुलांना सामानाबरोबर सोडून आधी साहेबांच्या घरी हजेरी लावायला जातो. सिनेमाची पहिली पाच मिनिटंही झालेली नाहीत आणि सगळं सांगून झालंय. आपल्याला ते कळतं मात्र फार उशिरा.

मुलांचं जग दुसरंच. नव्या गल्लीत नवी टोळी, तिचा एक दांडगा म्होरक्या, त्याचा मार चुकवण्यासाठी शाळेला दांडी. माळावर बसून डबा खायचा, शुद्धलेखनाच्या कागदावर स्वतःच सगळ्यात वरचा शेरा चढवून घ्यायचा. ताकद यावी म्हणून चिमणीची अंडी कच्ची खायची. टोळीत एक अगदी लहान पोर आहे, त्याच्या पाठीवर आईने पाटी लावून दिली आहे: याचं पोट बिघडलंय, याला काही खायला देऊ नका. आमच्या कॉलवर या पोराचं नाव निघालं तेव्हा सगळे एकदम हसले. प्रत्येकाच्या गल्लीत असा एक होता.

आणि तो दारूच्या दुकानातला पोऱ्या! घरोघर बाटल्या पोचवणारा. हे दोघे भाऊ त्याला गाठतात, म्हणतात त्या दांडग्याला चोप दे. तो देतो, कारण यांच्या घरून बिअरची ऑर्डर मिळणार असते. मग हे म्हणतात, आता त्या तारोलाही दे. तारो म्हणजे साहेबांचा मुलगा. पोऱ्या नाही म्हणतो. त्याच्या घरचं गिऱ्हाईक तुमच्यापेक्षा मोठं आहे, म्हणतो. सरळ, मनात काही न ठेवता. मला वाटतं अर्थशास्त्राचा पहिला धडा इतक्या प्रेमळपणे कुणी शिकवला नसेल. मुलांना तो तेव्हा कळत नाही. त्यांच्या राज्यात अजून त्यांचाच कायदा चालतो. त्यांचा एक खेळ आहे, बोटांची खूण केली की समोरच्याने मेल्यासारखं जमिनीवर आडवं व्हायचं आणि परत खूण होईपर्यंत उठायचं नाही. थोड्याच दिवसांत थोरला भाऊ टोळीचा म्होरक्या होतो. तो बोटं रोखतो आणि साहेबांचा तारो चांगल्या कपड्यांत मातीत लोळतो.

ओझू म्हटलं की लोकांना आठवतो तो स्थिर, जमिनीलगतचा कॅमेरा. या सिनेमात तो अजून हलतो, आणि असा हलतो की मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन बघितलं. शाळेत कवायत करणाऱ्या मुलांच्या रांगेवरून कॅमेरा सरकतो आणि सरकता सरकताच ऑफिसात पोचतो. टेबलांची तशीच रांग, कॅमेरा समोर आला की एकेक कारकून जांभई देतो. एक जण देत नाही. कॅमेरा पुढे गेलेला असतो, तो मागे येतो, थांबतो, वाट बघतो. शेवटी तोही जांभई देतो, मग कॅमेरा पुढे. अठ्ठावीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा खोडकरपणा आहे हा. पण एका रांगेतली मुलं दुसऱ्या रांगेत कशी जाऊन बसतात हे त्याने एकही शब्द न वापरता दाखवलंय. ठाण्याचे काका या दृश्याबद्दल बोलताना म्हणाले, “बत्तीस वर्षं मी त्या रांगेत होतो. माझ्याकडेही कॅमेरा परत आला असता.” आणि मग कुणीच काही बोललं नाही.

आता माझी सायकल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका साखर कारखान्यात उसाची बिलं काढायचे. आम्ही कॉलनीत राहायचो. माझी शाळा कारखान्याच्या वाटेवर होती, म्हणून सकाळी अण्णा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. हंगामात रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला, मळीचा वास, भोंगा. त्या रस्त्यावरून एमडी साहेबांची, म्हणजे कारखान्याच्या कार्यकारी संचालकांची जीप यायची. जीप दिसली की अण्णा ब्रेक लावायचे, सायकलवरून खाली उतरायचे, सायकल कडेला घ्यायचे आणि जीप जाईपर्यंत उभे राहायचे. साहेबांचं लक्ष असलं तर हात कपाळाशी. नसलं तरी. मलाही उतरायला लागायचं. जीप गेली की ते काही न बोलता परत टांग टाकायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. अण्णा घरात फार बोलायचे नाहीत, पण ज्या दिवशी बोलायचे त्या दिवशी त्यांच्याएवढा हुशार माणूस जगात नव्हता. शेकडो शेतकऱ्यांची टनांची नि रुपयांची गणितं ते तोंडी सांगायचे. तो माणूस आणि सायकल धरून कडेला उभा राहिलेला हा माणूस, यांचा मेळ मला बसायचा नाही. मी कुणाला विचारलं नाही. मुलं विचारतात असं आपण म्हणतो, पण जे खरोखर विचारायचं असतं ते बहुतेक मुलं विचारत नाहीत. ओझूची मुलं विचारतात. म्हणून तो दिवाणखान्यातला प्रसंग मला सोसवेना.

त्या प्रसंगाची रचना बघा. बापाची ही गोष्ट मुलांना कुठूनही कळू शकली असती. ओझू ती सिनेमातून कळवतो. कॅमेरा साहेबांचा, प्रोजेक्टर साहेबांचा, पडदा साहेबांच्या घरातला. म्हणजे पोट कुणी भरायचं, इतकंच नाही तर कुणी कुणाला बघायचं आणि कोण हसण्यासारखा दिसायचा, हेही ज्याच्या हातात कॅमेरा आहे तोच ठरवतो. घरी बाप गंभीर असतो, “अभ्यास करा, मोठे व्हा” सांगत असतो. साहेबांच्या फितीत तो विदूषक आहे. आणि मुलांच्या मागेच, त्याच अंधारात, खरा बापही बसलेला आहे. त्याला कळतं की मुलांनी पाहिलं. तात्सुओ साइतो या नटाचा चेहरा त्या क्षणी काही विशेष करत नाही. जरासा ओशाळतो, बस्स. अंधारात तेवढंच शक्य असतं.

आणि आवाज नाही. एवढा हशा, पण आपल्या कानांवर काहीच नाही. आम्ही पाहिलं त्या प्रतीला मागाहून जोडलेलं पियानोचं संगीत होतं, ते मी या प्रसंगापुरतं बंद केलं. मग मात्र फक्त हलणारे खांदे, उघडी तोंडं. आठ वर्षांच्या मुलाला अपमान असाच आठवत असणार, बिनआवाजाचा.

इथे तोक्योच्या मुलीने आम्हाला अडवलं, आणि बरं झालं. तिने लक्षात आणून दिलं की १९३२ च्या प्रेक्षकाने हा सिनेमा शांततेत पाहिलेलाच नाही. जपानी थिएटरात पडद्याशेजारी ‘बेन्शी’ असायचा. तो सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, गोष्ट सांगायचा, मधे स्वतःचे दोन शब्द घालायचा. लोक नटासाठी यायचे तसे बेन्शीसाठीही यायचे. बोलपट तिथे उशिरा रुजले त्याच्या कारणांतलं हे एक मोठं कारण. मूकपट तिथे मुका नव्हताच. १९३१ मध्ये हेइनोसुके गोशोने शोचिकुसाठीच बोलपट केला होता आणि तो चालला होता, बेन्शींच्या पोटावर पाय यायला लागला होता, संप होत होते. अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शी होता. १९३३ मध्ये त्याने आत्महत्या केली. ओझू मात्र १९३६ पर्यंत बोलपटाला हात लावायला तयार नव्हता. त्याचा छायाचित्रकार शिगेहारा स्वतःची ध्वनियंत्रणा तयार करत होता आणि पहिला बोलपट तुझ्याच यंत्रावर करेन असा शब्द ओझूने त्याला दिला होता. तो त्याने पाळला.

सांगलीच्या मित्राला यावरून पिंगुळीचे चित्रकथी आठवले. मांडीवर चित्रांची पोथी घेऊन एकेक पान दाखवत कथा सांगणारे. मला तर ते ‘मोठ्यांनी बघायचं चित्रांचं पुस्तक’ आणखी जवळचं वाटायला लागलं. १९३२ हे साल आपल्यासाठीही मोठं. त्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ तयार झाला, पहिला मराठी बोलपट. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे पडद्यावर बोलू-गाऊ लागले, तेव्हा तोक्योत शोचिकुच्या कामाता स्टुडिओतला एक तरुण न बोलणारा सिनेमा त्याच्या टोकाला नेत होता. आपल्याकडे त्याच्या सात वर्षं आधी बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ केला होता, सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याचा मूकपट. देवादिकांच्या चित्रपटांच्या गर्दीत साध्या माणसाची लाचारी पडद्यावर आणणारा. तो आज कुठेच नाही. मी ओझूचा सिनेमा बघताना पुन्हा पुन्हा त्याचा विचार करत होते. तरुण शांतारामबापूंनी त्यात शेतकऱ्याचं काम केलं होतं. तो शेतकरी सावकारापुढे कसा उभा राहिला असेल, मान कितपत खाली गेली असेल, हे आता कधीच कळणार नाही. ओझूच्याही मूकपटांतले कितीतरी हरवले. हा राहिला, यासाठी कुणाकुणाचे आभार मानावेत असं वाटतं.

कामाताचा तो स्टुडिओही आता नाही. १९३६ मध्ये तो ओफुनाला हलला. पण कामाता स्टेशनावर गाडी सुटताना जी धून वाजते ती त्या स्टुडिओच्या गाण्याची, ‘कामाता मार्च’ची. आमच्या मैत्रिणीने एकदा कामावरून येताना वाट वाकडी करून ती ऐकली, फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवली. मागे दारं बंद होण्याचा आवाज, माणसांची घाई, आणि ती दहा-बारा सेकंदांची धून.

पण मी विषयापासून दूर पळतेय, हे मला कळतंय.

घरी आल्यावर मुलं बापाला धरतात. तुम्ही आम्हाला मोठे व्हा म्हणता, तुम्ही कुठे मोठे आहात? तारोच्या बाबांपुढे एवढं का वाकता? बाप सांगतो, ते मला पगार देतात. मग घेऊ नका पगार. पगार घेतला नाही तर तुम्ही खाणार काय, शाळेत कसे जाणार? मग आम्ही खाणारच नाही! थोरला म्हणतो की मी तारोपेक्षा ताकदवान आहे, अभ्यासातही पुढे आहे. तरी मोठेपणी मला त्याचाच नोकर व्हायचं असेल, तर शाळेत कशाला जायचं? या प्रश्नाला उत्तर नाही. १९३२ मध्ये नव्हतं, आज आहे का? बापाकडेही नाही, म्हणून तो मुलाला झोडपतो. ज्याच्याकडे उत्तर असतं त्याला हात उचलावा लागत नाही.

मग रात्र. मुलं रडून झोपलेली. बाप बाटली काढून बसतो. बायकोला म्हणतो, हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरणार आहे. दोघं झोपलेल्या मुलांपाशी जातात. हीसुद्धा आपल्यासारखंच जगणार का? आणि बाप झोपलेल्या मुलाला सांगतो की माझ्यासारखा होऊ नकोस. जागेपणी त्याला हे सांगता आलं नसतं.

आमच्यातल्या एकीने इथे आईचा विषय काढला. मित्सुको योशिकावाने केलेली ही आई सिनेमाभर येते-जाते, जेवण वाढते, मधे पडते, नवऱ्याच्या ग्लासाकडे बघते. तिला कुणी विचारत नाही की तू कुणापुढे वाकतेस. या सिनेमात मोठं होण्याचा प्रश्न फक्त बाप आणि मुलग्यांचा आहे. मैत्रिणीचं म्हणणं मला पटलं. ओझूची उणीव म्हणावी तर म्हणावी. पण सकाळी उपाशी बसलेल्या मुलांसमोर भाताचे मुटके आणून ठेवते ती आईच. तत्त्वाचा उपास भाताच्या वासापुढे टिकत नाही, हे तिला बाप आणि मुलगे या दोघांपेक्षाही आधी कळलेलं असतं. अंगणात खुर्च्यांवर पाठ करून बसलेली मुलं, त्यांच्याजवळ येऊन बसलेला बाप, आणि सगळे चुपचाप खातायत. मला विचाराल तर समेट तिथेच झाला. पुढचं सगळं त्याचा पुरावा.

खाता खाता बाप धाकट्याला विचारतो, मोठेपणी कोण होणार? तो म्हणतो, लेफ्टनंट जनरल. जनरल का नाही? कारण जनरल दादा होणार आहे. तोमिओ आओकी या पोराने हे वाक्य अशा गंभीरपणे म्हटलंय की हसू येतंच. मग ते हसू घशात अडकतं. सिनेमा प्रदर्शित झाला ३ जून १९३२ ला. त्याच्या एकोणीस दिवस आधी, १५ मे रोजी, नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाईंना त्यांच्या राहत्या निवासात गोळ्या घातल्या होत्या. मांचुरिया आदल्या वर्षीच घेतलेला. पडद्यावरची ही मुलं तेव्हा दहा वर्षांची धरली तर १९४५ ला तेवीस. बोटं रोखली की मेल्यासारखं पडायचं आणि परत खूण झाली की उठायचं, हा त्यांचा खेळ मला दुसऱ्यांदा बघताना खेळ म्हणून बघता आला नाही. ओझूला स्वतःलाही १९३७ मध्ये बोलावणं आलं, चीनमध्ये पाठवलं. १९३२ मध्ये त्याला पुढचं काय माहीत असणार! पण त्या पोराच्या तोंडी त्याने डॉक्टर किंवा इंजिन ड्रायव्हर घातला नाही, लेफ्टनंट जनरल घातला.

आणि मग फाटक. बाप आणि मुलं एकत्र निघतात. रेल्वे फाटकाशी साहेबांची गाडी थांबलेली आहे. बाप घुटमळतो. काल रात्रीचं सगळं अजून ताजं आहे, मुलं शेजारी उभी आहेत. आणि थोरला म्हणतो, बाबा, जा, नमस्कार करून या.

यावर आमचा गट दुभंगला. वाद तासभर चालला. सांगलीचा मित्र म्हणाला, यापेक्षा दुःखी शेवट नाही. एका रात्रीत मुलं वाकायला शिकली, व्यवस्था जिंकली. एका तरुण मुलाला तर राग आला होता, म्हणाला ओझूने मुलांचं बंड विझवलं. काका म्हणाले, अहो, संसार असा चालतो, मुलांना समज आली एवढंच. दोन्ही बाजू बोलत होत्या आणि मी पडद्यावरच्या त्या छोट्या चौकटींतून सगळ्यांचे चेहरे बघत होते. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटत होती, आणि का ते सांगायला मला सायकलवरून उतरावं लागणार होतं.

कारण एक गोष्ट मी वर सांगितली नाही. काही महिन्यांनी मला जीपचा आवाज अण्णांच्या आधी ऐकू यायला लागला. त्यांच्या डोक्यात बिलांची गणितं असायची, माझ्या कानात फक्त तो आवाज. वळणापलीकडून जीपची घरघर आली की त्यांनी ब्रेक लावायच्या आत मी कॅरिअरवरून टुणकन उडी मारायचे. त्यामुळे त्यांना मला “उतर” म्हणायला लागायचं नाही. जणू मलाच उतरायचं होतं, चपलेत खडा गेला होता, आणि ते माझ्यासाठी थांबले होते. साहेबांची जीप त्याच वेळी तिथून गेली, एवढंच. कित्येकदा मी खरोखरच चप्पल काढून झटकायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला लाज वाटायची म्हणून मी असं करायचे.

फाटकाजवळच्या त्या मुलाचा चेहरा मी बघितला. हिदेओ सुगावारा त्याचं नाव. तो हरलेला दिसत नाही. शहाणपण आलेल्या माणसासारखाही दिसत नाही. त्याला बापाची अडचण दिसते आणि तो ती दूर करतो. बापाला साहेबापुढे वाकावं लागणारच आहे, निदान मुलांसमोर चोरून तरी वाकायला लागू नये. त्याने बापाला परवानगी दिली. माझ्या बाबतीत हा शब्द मला कधी सुचलाच नव्हता. बाप पुढे होऊन नमस्कार करतो, साहेब त्याला गाडीत घेतात, मुलं शाळेच्या वाटेला लागतात. मागे लोकल धावतच असते.

हे मला त्या रात्री बोलता आलं नाही. पावणेबाराला सगळ्यांनी हात हलवले, चौकटी एकेक करून विझल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांना फोन केला. ते आता भावाकडे असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू जरा कमी येतं. गुडघ्याची चौकशी झाली, भावाच्या मुलाच्या परीक्षेचं झालं. मग मी म्हटलं, “अण्णा, कॉलनीच्या रस्त्याला एमडी साहेबांची जीप यायची, आठवतं? आपण सायकलवरून उतरायचो.”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

“उतरायचो ना,” अण्णा म्हणाले. “मुरमाचा रस्ता होता तो. जीप गेली की केवढी धूळ उडायची. तुझ्या डोळ्यांत जायची.”

आम्ही जून-जुलैतही उतरायचो. पावसाचं पाणी साठलेलं असायचं, जीपमुळे चिखल उडायचा, माझ्या पिनोफ्रॉकवर ठिपके यायचे आणि आई ते रात्री साबणाने काढायची.

“हो अण्णा,” मी म्हटलं, “धूळ फार असायची.”